सहा सेन्सर, सहा आकडे

एकाच टेबलावर सहा डीएस१८बी२० (डिजिटल तापमान सेन्सर) ठेवले, तर आकडे २७.१ ते २८.३ अंश सेल्सिअस. डेटाशीटची, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकाची, हमी −१० ते ८५ अंशांत ±०.५ची, म्हणजे दोन सेन्सरांत एक अंशाचा फरक चालून जातो. १.२ नाही. बघितलं तर २८.३वाला नोडएमसीयूच्या (सेन्सर वाचणाऱ्या कंट्रोलर बोर्डाच्या) तापणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरला चिकटून पडला होता. वीतभर लांब सरकवला, तर ०.४ने उतरला. स्क्रीनवर दिसणारी ०.०६२५ची पायरी म्हणजे अचूकता, हा गैरसमज मात्र भलताच चिवट.

उरलेला फरक काढायला बर्फ. फडक्यात गुंडाळून बत्त्याने कुटला, थर्मासात गच्च भरला आणि फटी भरतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर ओतलं. नळाचं नको, त्यातल्या क्षारांनी गोठणबिंदू थोडा खाली जातो. बर्फ वर तरंगतो आणि तळाशी साचलेलं पाणी ४ अंशांकडे सरकतं, कारण तिथेच ते सर्वांत जड असतं. म्हणून तळाचं पाणी ओतून देत बर्फ वाढवत राहावं लागतं. सहाही प्रोब, म्हणजे स्टीलच्या नळीत बंद केलेले हे सेन्सर, रबरबँडने बांधले, टोकं मधोमध, तळापासून वर. स्टीलच्या नळीमागची दहा सेंटीमीटर केबलही बुडवली, नाहीतर तारेतून बाहेरची उष्णता आत शिरते. पंधरा मिनिटं थांबून, ढवळत, प्रत्येकाची वीस वाचनं घेतली आणि सरासरी काढली. एक ०.३१ दाखवत होता, एक −०.१९. तेवढंच वजा करायचं.

हा ऑफसेट, म्हणजे वजा करायचा फरक, प्रोग्राममध्ये सेन्सरच्या ६४ बिटांच्या, प्रत्येकाच्या वेगळ्या पत्त्याला जोडून ठेवा. मी आधी क्रमांकाला जोडला होता. सातवा सेन्सर लावल्यावर क्रम बदलला आणि एकाचा ऑफसेट दुसऱ्याला लागला. क्रम पत्त्यांच्या शोधातून ठरतो, तुम्ही तारा कशा जोडल्यात त्यावरून नाही.

शून्यावर जुळलं म्हणजे सगळीकडे जुळलं असं नाही. ३८ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशी ताडून पाहिलं. तो सर्वांत जास्त आकडा धरून ठेवतो, म्हणून पाणी सतत ढवळत राहायचं.

सरासरीच्या आधी ८५ आणि −१२७ गाळा. ८५ हा सेन्सर चालू होतानाचा आकडा: १२ बिटला, म्हणजे त्या ०.०६२५च्या पायरीला, तापमानाचा आकडा बनवायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात; चालू केल्यावर पहिला आकडा बनायच्या आधी वाचलं किंवा वीज डळमळली की तोच मिळतो. −१२७ म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या तयार कोडला (लायब्ररीला) सेन्सर सापडलाच नाही. बारा मीटर केबलवर हे वारंवार व्हायला लागलं. विजेच्या आणि डेटाच्या तारेमधला रोधक (पुलअप) ४.७ किलोओहमऐवजी २.२चा लावला, एका ठिकाणाहून फुटलेले फाटे काढून एकच लाइन ओढली, मग थांबलं. पॅरासाइट पॉवरच्या, म्हणजे डेटाच्याच तारेतून वीज घ्यायच्या, भानगडीत पडलो नाही. तिन्ही तारा जोडल्या. तारांच्या रंगांवरही भरवसा नको, मल्टीमीटरने तपासाच.

फ्रिजमध्ये मोकळ्या हवेतला प्रोब दार उघडलं की उसळी मारतो. तिथे तो पाणी आणि ग्लिसरीन भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवला आहे.