टूसॉनच्या उन्हात थकलेली मालवाहू विमानं

अ‍ॅरिझोनात आलेल्या माणसाला सगळे ग्रँड कॅन्यनला धाडतात. मीही जाऊन आले, डोळे निवले, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ओढ होती टूसॉनची. फिनिक्सला भाचीकडे उतरले होते. तिला म्हटलं, मला म्हातारी विमानं मोडतात ती जागा बघायचीय. "मावशी, भंगार बघायला एवढ्या लांब? कुर्ला काय वाईट होतं?" असं म्हणत गाडी मात्र तिनेच काढली.

टूसॉनच्या अलीकडे मराना लागतं. तिथल्या पिनाल एअरपार्कमधल्या विमानांच्या शेपट्या महामार्गावरूनच दिसायला लागतात. आत सोडत नाहीत, कुंपणाबाहेरून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. रंगवून झाकलेली कंपन्यांची नावं, खिडक्यांवर चिकटवलेले चकाकते कागद. पंखाखाली जिथे इंजिन असायचं तिथे नुसत्या तारा आणि नळ्या लोंबतात. इंजिनं पंखाच्या पुढे टांगलेली असतात, त्यामुळे ती उतरवली की विमानाचा तोल मागे जातो आणि शेपूट टेकायची भीती असते. म्हणून पुढच्या चाकापाशी काँक्रीटचे ठोकळे बांधतात. एवढी कोट्यवधींची वस्तू आणि तिला आवरायला सिमेंटचा धोंडा! मला हे फार आवडलं.

मालवाहू विमान बहुधा दुसऱ्या जन्मातलं असतं. आधी वीसेक वर्षं प्रवासी वाहायचे, मग खुर्च्या काढायच्या, कुशीत मोठा दरवाजा कापायचा, विमानाच्या आतला तळ मजबूत करायचा आणि रात्रपाळीला जुंपायचं. तोही जन्म संपला की ते इथे येतं. सगळ्यात आधी इंजिनं जातात, कारण खरी किंमत त्यांचीच. मग चाकांचे सांगाडे, शेपटीतलं छोटं सहायक इंजिन, कॉकपिटमधली उपकरणं. प्रत्येक भागाबरोबर त्याचे कागद लागतात. इंजिनातल्या चकतीने आजवर किती उड्डाणं केली याची नोंद हरवली, तर धडधाकट चकतीसुद्धा भंगाराच्या भावात जाते. थोडक्यात, विकला जातो तो भाग आणि त्याची फाईल, दोन्ही मिळून. उरलेल्या धडाला यंत्राची कात्री लावतात आणि अ‍ॅल्युमिनियम वितळवायला पाठवतात.

हे वाळवंटातच का? पाऊस तुटपुंजा, हवा कोरडी, त्यामुळे गंज चढत नाही. आणि जमीन इतकी टणक की फरसबंदी न करता विमान उभं करता येतं. टूसॉनच्या डेव्हिस-मॉन्थन हवाई तळावर अमेरिकी सैन्याने दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं आणून ठेवायला सुरुवात केली ती याच कारणाने.

तळाच्या शेजारीच पिमा हवाई व अंतराळ संग्रहालय आहे. एकूण ८० एकर, त्यातली बहुतेक विमानं उघड्यावर. आत शिरून थोडं चाललं की सुपर गप्पी दिसते. जुन्या बोइंग स्ट्रॅटोक्रूझरचं पोट फुगवून बनवलेली ही अजस्र विमानबाई अपोलो मोहिमांसाठी सॅटर्न रॉकेटचे टप्पे वाहून न्यायची. कुरूप म्हणावं इतकी बेढब. भाची हसत सुटली, मी फोटो काढत सुटले.

माझा खरा मुक्काम पडला तो ऑर्बिस या डोळ्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेच्या डीसी-१० या जुन्या जेट विमानापाशी. डग्लसच्या कारखान्यात तयार झालेलं हे दुसऱ्या क्रमांकाचं डीसी-१०. १९९४ पासून २०१६ पर्यंत हे विमान म्हणजे डोळ्यांचं इस्पितळ होतं. देशोदेशी उतरायचं आणि आतच शस्त्रक्रिया चालायच्या. त्याची जागा घेतली ती फेडेक्स या पार्सल कंपनीने दान दिलेल्या मालवाहू एमडी-१० ने. म्हणजे मूळचं डीसी-१०च, फक्त कॉकपिट नवं, त्यामुळे तिसऱ्या माणसाची, फ्लाइट इंजिनिअरची, गरज संपली. फेडेक्सचेच वैमानिक ते स्वेच्छेने उडवतात. पुढे फेडेक्सने आपली बाकीची एमडी-१० २०२२ अखेर सेवेतून काढली. हे एक मात्र खोकी वाहायचं सोडून रुग्णसेवेला लागलं. अशी जुनी जात चालू ठेवायची तर निवृत्त भावंडांचे सुटे भाग हाच मोठा आधार, म्हणून मोडतोडीला नाक मुरडण्यात काही अर्थ नाही.

तिथे एक पांढऱ्या मिशांचे स्वयंसेवक आजोबा होते. त्यांना विचारलं, कुठलं विमान ठेवायचं हे ठरवतं कोण? ते हसले, म्हणाले, गोष्ट ठरवते, आणि रंगाचा खर्च. बाजूला अमेरिकी हवाई दलाचं जुनं मालवाहू विमान, सी-१४१ स्टारलिफ्टर, उभं होतं. अशी पावणेतीनशेहून जास्त बनली, बहुतेक मोडीत गेली. त्यातलं जे व्हिएतनाममधून १९७३ मध्ये युद्धकैद्यांना घरी घेऊन आलं, ते 'हनोई टॅक्सी', ओहायोतल्या डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात मानाने ठेवलंय. त्याच्यासारखीच राबलेल्या बाकीच्यांपैकी बहुतेकांना कोणी विचारलं नाही. मला हा अन्याय वाटतो, भाचीला व्यवहार. जेवेपर्यंत आमचा वाद चालला.

मग मला एअर इंडियाचं जम्बो आठवलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याने मुंबईहून शेवटचं उड्डाण केलं, वर जाता जाता पंख हलवले, आणि तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. तेही अमेरिकेतच आलं, सुट्या भागांसाठी. "मग ते इथेच कुठे असेल का गं?" मी विचारलं. "इंडियानात गेल्याची बातमी आहे, मावशी," भाची मोबाइलवर शोधून म्हणाली.

हवाई तळावर नेणारी संग्रहालयाची बस आम्ही गेलो तेव्हा बंद होती. त्यावर उपाय म्हणजे कोल्ब रोड. हा रस्ता तळाच्या मधून जातो आणि दोन्हीकडे जाळीपलीकडे रांगाच्या रांगा दिसतात. गाडी थांबवायला जागा नाही, म्हणून भाचीला दोनदा फेरी मारायला लावली. जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च जा, सकाळी लवकर, टोपी आणि पाणी घेऊन. आणि दुकानात विमानाच्या पत्र्याच्या किल्लीसाखळ्या मिळतात त्यांची किंमत आधी बघा, मग हात लावा.