थ्री फेजची लाइट आणि काकूच्या बांगड्या

संभाजीनगरला टीव्ही आणि चित्रपट निर्मितीच्या कोर्सला गेलो ते फक्त कॅमेरा धरायला. दुसऱ्या सत्रात पाच-पाच जणांचे गट पडले, कामांच्या चिठ्ठ्या निघाल्या. माझ्या चिठ्ठीत ‘साउंड’. “बस आता माइकची दांडी धरून,” मित्र म्हणाला. तोंड पाडूनच हेडफोन उचलला.

सहा मिनिटांची फिल्म करायची होती. गोष्ट माझीच निवडली गेली: नवरा डिसेंबरच्या थंडीत रात्री गव्हाला पाणी द्यायला जातो, बायको घरात जागी. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यामुळं हे घरोघरचंच. शूटिंग घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावी, आणि बायको झाली माझी सख्खी काकू.

गावात पोचून बॅगा उघडल्या तर ट्रायपॉड होता, त्याची प्लेट नव्हती. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं बसवायची ती छोटी पट्टी. ती नसली की ट्रायपॉड म्हणजे नुसती तिवई. सामान देणाऱ्यानं पाहिली नाही आणि सही ठोकताना मीही नाही. काकूनं आतून ज्वारीची अर्धी भरलेली पिशवी आणून दिली. तिच्यावर कॅमेरा दाबून बसवला की तसूभर हलत नाही, पण वळवताही येत नाही. म्हणून आमची अख्खी फिल्म चुलीपुढं बसलेल्या बाईच्या नजरेच्या उंचीवर आहे. सरांना ती मुद्दाम केलेली योजना वाटली. आम्ही गप्प बसलो.

पहिल्याच शॉटला स्क्रीनवर भिंतीवरून काळे पट्टे सरकायला लागले. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेमवर आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, 1/60 सेकंदावर राहिलं होतं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे बल्ब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर 1/50 ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे बरोबर दोन ठोके मावतात आणि उजेड सारखा येतो. 25 फ्रेम, 1/50 केलं, पट्टे गेले. परीक्षेत हेच लिहून मार्कही घेतले होते मी.

मग माझी पाळी. हेडफोनमध्ये काकूच्या काचेच्या बांगड्या अशा वाजत होत्या, जणू कुणी भांड्यांची मांडणीच पाडतंय.

“काकू, बांगड्या काढतीस का थोडा वेळ?”

“कामून रे? चांगली सवाष्ण बाई हाय मी!”

विषय संपला. जुन्या साडीची चिंधी बांगड्यांमधून ओवून आवळली, वरून काकांचा फुल बाह्यांचा स्वेटर चढवला. थंडी होतीच.

चौथा टेक सुरेख चालला होता. काकू चुलीतला जाळ मागं ओढतेय, आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास, म्हणजे हवी तशीच, आणि तेवढ्यात थ्री फेज लाइट आली. घरामागच्या विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्विच आहे. स्टार्टर खट्कन ओढला गेला आणि घूंऽऽ सुरू. मी “कट!” ओरडलो. कट म्हणायचा हक्क दिग्दर्शकाचा, त्यामुळं त्याच्या शिव्या खाल्ल्या. काकू मात्र शांतपणे म्हणाली, “मोटार वाजली की तुझे काका उठत्यात. मी बी तवाच उठते. मोबाईलवर कोण उठतंय?”

आमच्या पटकथेत ती मोबाईलच्या गजरानं उठत होती! पाण्यावरच्या फिल्ममध्ये मोटारीचा आवाज लिहायचाच राहिला होता, आणि लहानपणापासून मी त्याच आवाजात झोपत आलोय. तो सीन तिथंच बदलला. मोटार दारातून घेतली, विहिरीजवळून घेतली, स्टार्टरचा खटका वेगळा घेतला. पहाटे मोटार बंद झाल्यावर एक मिनिट नुसती शांतता. तीसुद्धा रेकॉर्ड करावी लागते, नाहीतर संकलनात दोन वाक्यांच्या मधे भोक पडतं. आमच्या शांततेत म्हशीची साखळी आली, ती राहू दिली.

संकलनाचे दोन आठवडे खुर्चीत बसून गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कच्ची फिल्म लॅपटॉपवर काकूला दाखवली. पदर तोंडाला लावून तिनं शेवटपर्यंत पाहिली.

“समदं ब्येस हाय. पण मी भाकर थापायलेय अन् बांगड्या वाजंनात व्हय? मुकी दिसायलेय मी.”

दाराला गोधडी टांगली, परातीजवळ माइक ठेवला, चिंधी सोडली. नऊ भाकरी झाल्या तेव्हा कुठं कामाचे चाळीस सेकंद मिळाले.