सुतळीवर टांगलेली कादंबरी

लग्नसराईत आलेल्या पत्रिका मी टाकत नाही. घरचे कुरकुरतात, पण इतका जाड पाठकोरा कागद दुकानात फुकट मिळतो का? यंदा त्या टीवायच्या, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या, वर्गात कामी आल्या.

शिकवत होतो अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'. तिच्यात काळ सारखा मागेपुढे होतो, म्हणून पूर्वी एकदा मी फळ्यावर आडवी रेघ ओढली होती. डावीकडे डिसेंबर १९६९, उजवीकडे २३ वर्षांनी केरळातल्या आयमेनेम गावी परतलेली नायिका राहेल, मधे बाकी सगळं. मुलांनी ती रेघ पाठ केली आणि पेपरात उतरवली. कादंबरी कुणी वाचलीच नाही. चूक माझीच, गुंता मीच सोडवून हातात दिला होता.

यंदा मुलांनीच प्रसंग निवडले, एका पत्रिकेमागे एक. खिडकीच्या गजापासून दारापर्यंत सुतळी बांधली, कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. आधी पुस्तकाच्या क्रमाने लावलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, सोफी मोल गेली, अम्मू गेली, हे पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलंय. मग पुढची वीस कशाला वाचायची?" (अम्मू ही राहेलची आई, सोफी मोल मामेबहीण.)

उत्तर मला सुचलंच नाही. म्हटलं, बरं, आता तारखेप्रमाणे लावा.

बरीच ओढाताण झाली. शेवटच्या प्रकरणातली, अम्मू आणि तिचा प्रियकर वेलुता नदीकाठी भेटतात ती रात्र आता मधे सरकली, सोफी मोल बुडण्याच्या आधी. त्या पत्रिकेकडे बघत तीच मुलगी म्हणाली, "इथे ही नुसती लव्हस्टोरी वाटते."

मग एका मुलाने जे सांगितलं, ते कुठल्याही गाइडात मिळणार नाही. त्याचा चुलता अपघातात गेला होता. घरी भेटायला माणसं येत, तेव्हा त्याची आजी दर वेळी मरणापासूनच सुरुवात करायची. मग दवाखाना, मग एकदम चुलत्याचं लहानपण, परत अपघात. आणि शेवटी न चुकता आदल्या संध्याकाळवर यायची: दारात उभा राहून म्हणाला, उद्या येतो.

वर्ग गप्प झाला. कादंबरीचा शेवटचा शब्दही 'उद्या' हाच आहे. अम्मू आणि वेलुताला पुढचं माहीत नाही, आपल्याला वीस प्रकरणांपासून माहीत आहे. ती रात्र मधे टांगली की हे जातं. मी एवढंच सांगितलं, प्रत्येक पत्रिकेवर खाली लिहा: हे वाचताना आपल्याला आधीच काय ठाऊक होतं? 'फ्लॅशबॅक' हा शब्द मात्र वापरायचा नाही. तो लिहिला की विचार थांबतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी एक पत्रिका उरली. राहेलचं खेळण्यातलं घड्याळ. काटे रंगवलेले, कायम दोनला दहा कमी. ते २३ वर्षं मातीत, पावसाखाली पुरलेलं राहतं. हे कोणत्या तारखेला लावायचं? एक गट म्हणाला, हरवलं तेव्हा. दुसरा म्हणाला, राहेल परत येते तेव्हा. भांडण चालू असताना तास संपला. शिपाईमामा झाडायला आले, तेव्हा सुतळी काढली. ती पत्रिका अजून माझ्या पुस्तकात आहे, पुढच्या बाजूला कुणाच्या तरी साखरपुड्याचं निमंत्रण.