फोटो नको, बसाले द्या

"ताई, फोटो नसता लावला तरी चाललं असतं. एखादा स्टूल पाहिजे होता बसाले."

सीताबर्डीतल्या एका दुकानात कुर्ते दाखवणारी मुलगी आज हळूच म्हणाली. भिंतीवर 'महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून तिचा फोटो होता, त्याचं मी कौतुक केलं होतं.

बोलताना ती एका पायावरचा भार सारखा दुसऱ्यावर टाकत होती. सकाळपासून उभी. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा नियम. पाणीही बेतानेच पिते, कारण बाथरूम दोन जिने उतरून मागच्या गल्लीत आहे. तेही नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना!

मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोने 1943 मध्ये मांडलं होतं की शरीराच्या गरजा बऱ्यापैकी भागल्या की माणूस सुरक्षितता, आपलेपणा, मान यांकडे वळतो. ही चढण इतकी सरळ नसते, हे खरं. मान तर हिलाही हवाच आहे. फोटोचा विषय निघताच चेहरा खुलला होता. पण सुजलेल्या पायांना त्या फोटोचा काय उपयोग?

केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं लढल्या, तेव्हा 2018 मध्ये कायदा बदलला. तामिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं.

इतवारी, सदर, धरमपेठ... तुमचं किंवा नात्यातल्या कोणाचं दुकान असेल तर सांगा ना, तुमच्याकडची माणसं दुपारी कुठे टेकतात?