रेंज नसलेल्या शाळेत टेक्नॉलॉजी शिकून काय करणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसलेय. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एसटीत शेजारी बसलेल्या काकू विचारतात, लग्नात भेटलेले मामा विचारतात, आमच्या फर्स्ट इयरच्या मुली तर मेसेज करून करून विचारतात, की ताई, ते पीपीटी, अ‍ॅप, स्मार्टबोर्ड सगळं शिकवतात ते ठीक आहे, पण नोकरी लागणार कुठल्यातरी खाडीपलीकडच्या शाळेत, तिथे फोनला एक काडी रेंज नाही, पावसात लाईट गेली की कधी येईल त्याचा भरवसा नाही, मग हे सगळं शिकून करायचं काय?

प्रश्न रास्त आहे. मी देवगडची, आणि माझी शालेय आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, मालवण तालुक्यात अगदी किनाऱ्याला लागून असलेल्या एका हायस्कूलात झाली, त्यामुळे रेंज नसणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नाही. तरी माझं उत्तर असं आहे की उपयोग आहे, भरपूर आहे. फक्त ह्यात शिकायची गोष्ट वेगळी असते. बटणं कुठली दाबायची ते चार दिवसांत येतं. वेळ लागतो तो मुलांचं ह्या धड्यात नेमकं कुठे अडतंय ते ओळखायला, आणि तिथे फोनने किंवा टीव्हीने काही सुटतं का हे ठरवायला. काही वेळा सुटत नाही, तेव्हा तो फोन खिशातच बरा.

आता एक उदाहरण सविस्तर सांगते. सहावीच्या भूगोलाचे पहिले दोन धडे अक्षवृत्तं-रेखावृत्तांचे आहेत. पृथ्वीगोल फिरवून दाखवला की मुलं विषुववृत्त दाखवतात, मूळ रेखावृत्त दाखवतात, व्याख्या तर घडाघडा म्हणतात. अडतं कुठे, तर ह्या रेषा आपल्या गावातून पण जातात हे काही केल्या डोक्यात उतरत नाही. त्या गोलावरच्या, नाहीतर नकाशावरच्या. आपण उभे आहोत त्या जागेलाही आकडा आहे ही गोष्ट फळ्यावर शंभर वेळा लिहून पटत नाही.

इथे जीपीएस कामाला येतं, आणि त्याला मोबाईलची रेंज लागत नाही! हे खूप जणांना माहितीच नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. फोन आकाशातल्या उपग्रहांचे सिग्नल नुसते ऐकत असतो, ते उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात, त्यातल्या चार तरी उपग्रहांचे सिग्नल मिळाले की जागा निघते, सिमकार्ड काढून टाकलंत तरी निघते. नेट बंद असेल तर सुरुवातीला थोडा वेळ लागतो एवढंच, उघड्यावर फोन धरून थांबायचं. आणि उघडी जागा आपल्याकडे काय कमी आहे का!

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, मार्गदर्शक बाईंना बरोबर घेऊन सहावीचा वर्ग किनाऱ्यावर नेला. खेळाच्या सरांकडची ३० मीटरची टेप घेतली. फोनचं सिम बंद केलं, मुलांसमोरच केलं म्हणजे शंका नको, आणि होकायंत्राचं अ‍ॅप उघडलं, त्यात खाली आकडे येतात, १६ अंश उत्तर, पुढे मिनिटं, पुढे सेकंद, आणि ७३ अंश पूर्व, पुढे तसंच. मुलांना सांगितलं की हे वाचा आणि वाळूवर लिहा. मग टेप धरून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे चालायचं. टेप संपते न संपते तोच अक्षांशाचा सेकंद एकाने वाढला आणि जो काही गलका झाला! परत मागे जाऊन बघितलं, परत पुढे. मग एका मुलीच्या लक्षात आलं की दुसरा आकडा जवळपास हललेलाच नाही, तर तिनेच विचारलं, बाई, आता समुद्राकडे चालू का? ती पाण्याच्या दिशेने निघाली, तसा रेखांश कमी व्हायला लागला, कारण आपला समुद्र पश्चिमेला. ह्यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या होडयेर ह्येच आकडे दिसतत. पप्पा खडपाचे आकडे लिवन ठेवतत, थय जाळा टाकूचा नाय."

म्हणजे पाण्याखाली जिथे खडक आहे आणि जाळं फाटतं त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याच्या वडिलांनी वहीत उतरवून ठेवलेत. आम्ही वर्गात ज्याला अवघड संकल्पना म्हणतो ती त्याच्या घरात रोजच्या धंद्याची वस्तू आहे, आणि त्या पोराला हे दोन एकच आहेत हे त्या दिवशी वाळूवर कळलं. पुढचा सगळा तास त्यानेच घेतला म्हटलं तरी चालेल. दर्यातला एक मैल म्हणजे किती, हे वडिलांना विचारून ये म्हणून सांगितलं, तो दुसऱ्या दिवशी १.८५२ किलोमीटर असं नीट लिहून घेऊन आला, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजेच एक सागरी मैल हे मी फळ्यावर मांडलं, मग मुलांनी १८५२ ला ६० ने भागलं, उत्तर ३० मीटरच्या थोडं वर. काल टेप संपतानाच आकडा का बदलला ते त्यांचं त्यांनाच मिळालं. फोनचा आकडा मधेच उगाच पुढेमागे उडतो, त्यावरही प्रश्न आला, तर जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असतेच हेही सांगून झालं. भागाकार, मोजमाप, भूगोल सगळं एकत्र, आणि ह्यात इंटरनेट कुठेच नाही.

म्हणून मला राग येतो जेव्हा कुणी म्हणतं की ह्या गावातल्या मुलांना टेक्नॉलॉजी नवीन आहे. कुणी सांगितलं? होडीवर जीपीएस आहे, मासे दाखवणारा फिशफाइंडर आहे, वायरलेस आहे, हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासे कुठे मिळतील आणि लाटा किती उंच असतील त्याचे अंदाज येतात. नवीन असतो तो शिकवणारा, म्हणजे आम्ही. गावात काय काय आहे हे आधी बघून यायला पाहिजे आणि मगच पाठटाचण, म्हणजे तासाचा आराखडा, लिहायला पाहिजे.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. सातवीला भरती-ओहोटी आहे. ह्या धड्याला व्हिडिओ लावायचा मोह सगळ्यांना होतो, आणि व्हिडिओत पहिली तीन मिनिटं पाणी वर येतं, पाणी खाली जातं. आमच्या मुलांना हे दाखवायचं? ज्यांची होडी भरतीवर सुटते? त्यांना तिथीवरून वेळ सांगता येते, तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती. उधाण म्हणजे मोठी भरती कधी, भांग म्हणजे लहान भरती कधी, हे त्यांना आजीकडून आलेलं असतं. तो भाग मी मुलांकडूनच बोलून घेतला, टीव्ही बंद.

पण दिवसातून दोनदा भरती का येते? साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत पाणी का चढतं? चंद्र तर एकाच बाजूला आहे. हा प्रश्न टाकला की वर्ग गप्प, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही गप्प होतात. चंद्राच्या बाजूचं पाणी फुगतं हे पटतं, पण विरुद्ध बाजूचंही फुगतं हे किनाऱ्यावर उभं राहून आयुष्यभर बघितलं तरी दिसणार नाही, त्यासाठी पृथ्वीच्या बाहेर जाऊनच बघायला पाहिजे. ते अ‍ॅनिमेशन करून देतं. म्हणून व्हिडिओतला फक्त तेवढाच तुकडा लावला, आणि आवाज बंद करून लावला, कारण तो इंग्रजीत होता आणि बोलणारा घाईत होता. मी बोलत होते, मधे थांबवत होते, आता पृथ्वी अर्धी फिरली, आपलं गाव कुठे आलं, सांगा बघू. परत मागे. परत पुढे. चंद्र पण दरम्यान पुढे सरकतो म्हणून रोज भरती साधारण ५० मिनिटं उशिरा, हे त्याच चित्रावर निघालं, आणि मग आजीची पाऊणपट, म्हणजे रोज ४५ मिनिटं, ही त्याच्या किती जवळ जाते ते मुलांनीच बोलून दाखवलं. तिथे वर्गात जो अभिमान दिसला ना चेहऱ्यांवर, तो मला फार मोलाचा वाटतो.

कॉलेजात ह्याला टीपॅक म्हणून शिकवतात, पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर ह्या दोघांनी २००६ साली मांडलेली कल्पना, की विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान हे तीन वेगवेगळे कप्पे न ठेवता एकमेकांत मिसळलेले पाहिजेत. परीक्षेत तीन वर्तुळं काढून मार्क मिळतात. मला ती वर्तुळं खरी कळली ती किनाऱ्यावर. आणि एक मत आहे माझं, पटलं तर घ्या: पाठाच्या निरीक्षणात "तंत्रज्ञानाचा वापर केला का" एवढं बघून भागत नाही, "तो का केला" हे पण विचारलं पाहिजे. नाहीतर आमच्यासारखे छात्राध्यापक मार्कांसाठी पुस्तकातलाच परिच्छेद स्लाइडवर टाकतात आणि मुलं तो वहीत उतरवतात.

लोक डिसले गुरुजींचं नाव घेतात, की त्यांनी क्यूआर कोड लावले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तुम्ही पण लावा. अहो, त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत काय केलं ते पूर्ण बघा. मुलांच्या मातृभाषेत पुस्तकं नेली आणि त्या पुस्तकांना कोड जोडले. अडत होतं भाषेपाशी, त्यामुळे कोड भाषेपाशी लागला. आता बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापूनच येतात, स्कॅन केला की सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचं साहित्य उघडतं. पण ते वर्गात उघडेल म्हणून अवलंबून राहायचं नाही, रेंज असेल तिथे आधीच डाउनलोड करून ठेवायचं, ती सोय अ‍ॅपमध्येच आहे.

घरी अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा का, हेही खूप जणी विचारतात. मी नाही म्हणते. कारण ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे तिथे तो बहुतेक वडिलांकडे असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा वडील घरी, फोन घरी, अभ्यास वेळेवर येतो आणि बाईंना वाटतं छान चाललंय. ऑगस्टात होड्या सुटल्या की फोन समुद्रावर जातो आणि तीच मुलं अचानक "अनियमित" होतात! मूल तेच, घर तेच. एखाद्या मुलीला अभ्यास न केल्याबद्दल वर्गात उभं करण्याआधी घरातला फोन आत्ता कुठे आहे एवढं विचारा, माझी खरोखर हात जोडून विनंती आहे.

लाईटचं म्हणाल तर प्रत्येक पाठटाचणात मी शेवटी एक ओळ लिहिते, लाईट गेली तर काय. तेवढी सवय लावून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि तेव्हाच कोरोनामुळे सगळ्या राज्यात शिक्षण मोबाईलवर चाललेलं. त्या मुलांचं काय झालं असेल ह्याचा विचार आमच्या अभ्यासक्रमात कुठेतरी यायला हवा असं मला मनापासून वाटतं. प्रोजेक्टरपेक्षा टीव्ही बरा, उजेडात दिसतो, आमच्या वर्गांना मोठ्या खिडक्या असतात आणि त्या बंद केल्या की मुलं घामाने निथळतात. खाऱ्या हवेने केबलच्या पिना हिरव्या पडतात, तर वापर झाला की पुसून, प्लास्टिकच्या डब्यात.

आता ज्या फर्स्ट इयरच्या मुली सामानाची यादी मागतात त्यांच्यासाठी. फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, डाउनलोड करून घ्या, कोलोरॅडो विद्यापीठाची आहेत, फुकट आहेत, बरीचशी मराठीत मिळतात आणि ऑफलाइन चालतात, विज्ञानाला फार उपयोगी, विद्युत परिपथाचं तर नक्की घ्या. गणितवाल्यांनी आकृत्या आणि आलेख काढायला जिओजेब्रा. आकाश दाखवायला स्टेलेरियम, त्यात तारीख टाकली की त्या रात्रीचा चंद्र दिसतो, तिथी शिकवायला मस्त. हे सगळं लॅपटॉपवर एकदा नेट बंद करून उघडून बघा, उघडलं तरच ते तुमचं. आणि टीव्हीची केबल स्वतःची घ्या, पाच मीटरची घ्या, दीड मीटरच्या केबलने आपण टीव्हीला चिकटून उभे राहतो, लांब केबल असली की लॅपटॉप घेऊन शेवटच्या बाकापर्यंत जाता येतं आणि तिथल्या मुलाच्या हातात माउस देता येतो.