घोळ समजून उपटलेली बाग

जळगावात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की लॉनवाल्यांचे फोन सुरू होतात. बोअर आटलेला, टँकर परवडत नाही, हिरवळ करपलेली. मी सरळ सांगतो, लॉन काढा.

अशाच एका बंगल्यापुढे आम्ही लॉनच्या जागी रुंद पानांचं ऑफिस टाइम हे जमिनीलगत पसरणारं फुलझाड लावलं होतं. आपल्या काळ्या मातीत ते नुसतं खोचलं तर पावसाळ्यात कुजतं, म्हणून मुरूम आणि वाळू मिसळून बेड उंच केला, उतार दिला. रोपांपेक्षा मुरमालाच पैसे जास्त गेले. पण झाड छान पसरलं.

एका संध्याकाळी मालकांचा फोन आला, "लगेच या, सगळं गेलं!"

जाऊन बघतो तर अर्धा बेड उघडा. उन्हं उतरल्यावर निंदायला आलेल्या मावशींनी तो उपटून कुंपणाशी ढीग घातला होता. साहेब तापलेले, मावशी मात्र शांत. "भाऊ, हाई ते घोळ शे!" घोळ म्हणजे शेतात आपोआप उगवणारी रानभाजी.

त्यांचं तरी काय चुकलं? ही फुलं सकाळी उन्हात उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. चारनंतर बघाल तर मांसल पानं, लालसर देठ, हुबेहूब घोळ. वंशही एकच, पोर्टुलाका.

ढिगातली एक फांदी मोडून बघितली. वरची पानं मलूल, पण देठ टचकन तुटला, आत पाणी होतं. पाण्याचा ताण पडला की ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि हवा रात्री आत घेतात, त्यामुळे साठवलेलं पाणी पुरवून वापरतात. मी साहेबांना हे समजावत होतो, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "घोळ उपटून बांधावर टाकली तरी पाऊस पडला की पुन्हा धरते. ही पण धरेल की." माझ्या भाषणापेक्षा हे साहेबांना लवकर पटलं.

मग दोघांनी मिळून बोटबोटभर तुकडे केले, खालची पानं काढली आणि अंधार पडेपर्यंत खोचत राहिलो. साहेब पाइप घेऊन आले तर मावशींनीच अडवलं, "आज नको. जखम सुकू द्या, नाहीतर सडेल."

पावसाळ्याआधी बेड पुन्हा भरला. पन्हाळीचं पाणी पडतं तो कोपरा मात्र जुलैत सडलाच. तिथे आता गोटे टाकलेत.