पुरिटनला उभा राहणारा कारखाना
आज सुट्टी होती म्हणून इथे इंग्लंडमध्ये ब्रिजवॉटरजवळ पुरिटनला गेलो, तिथे टाटांच्या अग्रतास या कंपनीची बॅटरी फॅक्टरी बांधतायत, लांबूनच ते लोखंडी सांगाडे बघत किती वेळ उभा होतो कळलंच नाही. वर्षाला ४० गिगावॉट-अवर क्षमतेच्या बॅटऱ्या बनवणारा प्लांट! याच जागेवर दुसऱ्या महायुद्धात सरकारी दारूगोळ्याचा कारखाना होता, आरडीएक्स बनायचं, २००८ ला बंद झाला. मग ती जमीन साफ करायलाच वर्षं गेली (मला तर तेच काम जास्त अवघड वाटतं). त्या कारखान्याला पाणी हवं म्हणून तेव्हा हंटस्पिल नावाची अख्खी नदी खणली होती, ती अजून आहे, तिच्या काठाने चालत आलो. बाबा आयुष्यभर पिंपरीत शॉपफ्लोअरवर होते, त्यांना व्हिडिओ कॉल करून दाखवलं तर म्हणाले, क्रेन जरा जवळून दाखव रे.